नऊ रेघांचा 'येन'

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये एक खोकं आलं. आत फोममध्ये गुंडाळलेले अगेटचे तीन बत्ते होते. नुसते बत्ते, खल नाहीतच. ऑर्डर मीच भरली होती. पुरवठादाराने पाठवलेली यादी चिनीत होती, सोबतचं इंग्रजी अर्धवट होतं आणि कंटिन्जन्सीचे पैसे ३१ तारखेच्या आत खर्च करायचे होते. मी तेव्हा तीनेक महिने शनिवार-रविवारच्या वर्गात चिनी शिकत होते. यादीत मला 'मा-नाओ' म्हणजे अगेट ओळखू आलं, त्याच्या पुढचं 'येन' ओळखू आलं, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्या ओळीवर टिक केली. शेवटचं अक्षर वाचलंच नाही. 'मा-नाओ येन-पो' म्हणजे अगेटचा खल आणि 'मा-नाओ येन-छू' म्हणजे अगेटचा बत्ता. दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या.

सर काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. घन-अवस्था रसायनशास्त्रात आमचं निम्मं आयुष्य खलात जातं. ऑक्साइड आणि कार्बोनेट मोजून घ्यायचे, अगेटच्या खलात अर्धा-पाऊण तास घोटायचे, भट्टीत टाकायचे, काढून पुन्हा घोटायचे. खल अगेटचाच लागतो, कारण तो कठीण असतो (मोहस् मापावर साधारण ७) आणि नमुन्यात स्वतःची भुकटी सहसा मिसळू देत नाही. त्यामुळे बत्ते तीन आणि खल शून्य म्हणजे पुढचे काही महिने दुसऱ्या लॅबचा खल मागून आणणं.

तर आजची पोस्ट त्या 'येन' या एका अक्षरावर. एक चिनी अक्षर लिहायला आणि वापरायला शिकणं म्हणजे नेमकं काय काय शिकणं, हे यात सांगायचा प्रयत्न आहे. तुम्ही नेट-सेट-पेटचा अभ्यास करत असाल तर चिनीशी आपला काय संबंध, असं वाटेल. थोडं थांबा. या 'येन'पासूनच चिनीतला 'संशोधन' हा शब्द बनतो. शिवाय ओळखीचं वाटणं आणि येत असणं यातला फरक मला या अक्षराने जितका नीट दाखवला, तितका एमएस्सीच्या दोन वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

अक्षर मी इथे छापलेलं नाही, मुद्दाम. छापलं की तुम्ही बघाल, मान डोलवाल आणि पुढे जाल. एक कागद घ्या, पेन घ्या आणि मी सांगते तशा रेघा काढा. तुमच्याच हाताने ते तयार होईल.

कागदावर

साधारण तीन सेंटिमीटरचा चौकोन काढा. चिनी मुलांच्या वहीत असे चौकोन छापलेलेच असतात, आपल्या गणिताच्या चौकटीच्या वहीसारखे, फक्त मोठे आणि मधोमध तुटक रेघांची फुली असलेले. अक्षर कितीही रेघांचं असो, त्याने एकच चौकोन भरायचा. आपल्या अक्षरात डावीकडे एक भाग आहे आणि उजवीकडे एक. डाव्याला निम्म्याहून थोडी कमी जागा द्या.

डावा भाग. पहिली रेघ: वरच्या बाजूला एक छोटी आडवी, डावीकडून उजवीकडे. दुसरी: या रेघेच्या साधारण मध्याला खालून चिकटून सुरू होणारी आणि डावीकडे खाली घसरत जाणारी तिरपी. हिचं डोकं पहिल्या रेघेच्या वर अजिबात जाऊ देऊ नका, कारण थोड्या वेळाने कळेल. तिसरी: तिरप्या रेघेच्या मध्याच्या जरा खालून, तिच्या उजव्या बाजूला, एक छोटी उभी. चौथी: तिसरीच्या डोक्यापासून आडवी उजवीकडे जा आणि पेन न उचलता कोपऱ्यात वळून सरळ खाली या. काटकोन झाला तरी ही एकच रेघ मोजायची. पाचवी: खालून आडवी, डबी बंद करणारी. झाला डावा भाग. याचा उच्चार साधारण 'शृ' आणि अर्थ दगड. जुन्या कोशकारांच्या मते ही कड्याखाली पडलेल्या धोंड्याची आकृती आहे, म्हणजे वरचा कडा आणि खालची डबी हा धोंडा.

उजवा भाग. सहावी रेघ: वर एक आडवी. सातवी: तिच्या खाली, चौकोनाच्या साधारण मध्यावर, थोडी लांब आडवी. आठवी: सहाव्या रेघेच्या डाव्या अर्धातून निघून सातवीला छेदून खाली जाणारी आणि शेवटी डावीकडे झुकणारी. नववी: सहावीच्या उजव्या अर्धातून निघून, सातवीला छेदून, सरळ खाली. आठवी आणि नववी दोन्ही सहाव्या रेघेपासूनच सुरू होतात, तिच्या वर डोकावत नाहीत.

नऊ रेघा, एक अक्षर. हा 'येन'.

आता डोकी का वर काढायची नाहीत ते. डाव्या भागातल्या दुसऱ्या रेघेचं डोकं पहिलीच्या वर गेलं, तर तो दगड राहत नाही, 'यौ' होतो आणि 'यौ' म्हणजे उजवी बाजू. आठवी-नववीची डोकी वर गेली तर उजव्या भागाची 'चिंग' म्हणजे विहीर होते. दोन मिलिमीटरचा फरक. हे ऐकून चिनी लिपी विचित्र वाटली असेल तर पहिलीतल्या मुलाला 'घ' आणि 'ध', किंवा 'भ' आणि 'म' लिहायला सांगा. शिरोरेघेत एवढीशी फट, आणि घराचं धर होतं. आपल्याला तो फरक दिसत नाही इतका अंगवळणी पडलाय, एवढंच.

रेघांचा क्रम कशासाठी पाळायचा, हा प्रश्न मीही विचारला होता. अक्षर तर शेवटी सारखंच दिसतं ना? मॅडमनी उलट विचारलं, "शिरोरेघ तुम्ही कधी देता?" आपण अक्षर आधी लिहितो आणि शिरोरेघ नंतर देतो, आणि पहिल्यांदा शिरोरेघ ओढून खाली अक्षर लटकवणाऱ्या माणसाचं हस्ताक्षर लगेच ओळखू येतं. चिनीतही तसंच. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, छेदणारी असेल तर आडवी आधी आणि उभी नंतर, डबीचं झाकण शेवटी. भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि त्या कुठे जोडल्या जाणार हे क्रमावरूनच ठरतं. क्रम चुकीचा असेल तर दुसऱ्याचं घाईतलं अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही आणि तुमचं त्याला.

रेघा मोजण्याचाही उपयोग आहे. छापील कोशात अक्षर शोधायचं तर आधी त्याचं मूलचिन्ह शोधायचं. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी कोशात अशी २१४ चिन्हं आहेत, त्यांत दगड ११२ वा. मग उरलेल्या रेघा मोजायच्या. 'येन'चा पत्ता म्हणजे 'दगड, अधिक ४'. काटकोनाची चौथी रेघ तुम्ही दोन मोजलीत की पत्ता चुकला.

गिरवणं

पहिल्या आठवड्यात मी हे अक्षर पन्नास वेळा लिहिलं. पुस्तक समोर उघडं, एक ओळ झाली की दुसरी. पान भरलं, बरं वाटलं. तीन दिवसांनी मॅडमनी पुस्तक मिटवून लिहायला लावलं तेव्हा माझा पेन दुसऱ्या रेघेवरच अडकला. शेवटी जे लिहिलं त्यावर त्यांनी लाल गोल केला आणि म्हणाल्या, "हा दगड नाही, हा उजवा हात." पन्नास वेळा बरोबर लिहिलेलं अक्षर एक्कावन्नाव्या वेळी चुकलं, कारण आधीच्या पन्नास वेळा ते मी लिहिलंच नव्हतं, नुसतं गिरवलं होतं. डोळा सांगत होता आणि हात ऐकत होता. आठवण्याचं काम एकदाही झालं नव्हतं.

हे फक्त माझं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे होते. (हा प्रयोग उताऱ्यांवरचा आहे, चिनी अक्षरांवरचा नाही. तो अक्षरांना लावतेय ती मी. एवढी जबाबदारी माझ्यावर ठेवा.)

मग मी पद्धत बदलली. अक्षर एकदा नीट बघायचं, प्रत्येक रेघेचं नाव मनात घ्यायचं, पान उलटं करायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं. मग पान सुलटं करून ताडून बघायचं. चुकलं तर चूक कुठे झाली ते शब्दांत लिहायचं: 'दुसरीचं डोकं वर.' त्या दिवशी तीन वेळा, दुसऱ्या दिवशी एकदा, चौथ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने. एकूण दहाबारा वेळा लिहिलं असेल. पन्नासपेक्षा बरंच कमी.

चिनी लोकांनाही हा त्रास होतो, हे कळल्यावर मला जरा धीर आला. फोनवर टाइप करताना फक्त उच्चार रोमनमध्ये द्यायचा असतो. फोन अक्षरांची रांग दाखवतो आणि त्यातलं एक निवडायचं. दिवसभर नुसती ओळख. त्यामुळे हातात पेन घेतला की रोजचंच अक्षर आठवत नाही, आणि या अनुभवाला त्यांच्याकडे चार अक्षरांचा एक शब्दप्रयोगच आहे, अर्थ साधारण 'लेखणी उचलली, अक्षर विसरलं'. जपानमध्ये अडलेलं अक्षर आठवायला लोक हवेत किंवा तळहातावर बोट फिरवतात. आता बसमध्ये मीही मांडीवर बोट फिरवत असते. शेजारचे जरा सरकून बसतात.

दगड उघडणे, आणि माझी स्लाइड

अक्षर लक्षात ठेवायचा आणखी एक लोकप्रिय मार्ग म्हणजे गोष्ट. 'येन'चा उजवा भाग सुटा लिहिला की त्याचा उच्चार 'खाय' आणि अर्थ 'उघडणे'. डावीकडे दगड, उजवीकडे उघडणे. दगड फोडून आत काय आहे ते बघणं म्हणजे संशोधन! किती सुंदर. मला ही गोष्ट एका ॲपमधल्या कार्डावर मिळाली आणि मी ती विभागातल्या सेमिनारमध्ये पहिल्या स्लाइडवर टाकली. टाळ्याही मिळाल्या.

गोष्ट खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे तपासायला मला चिनीतला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती, हे जास्त लागलं.

बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. म्हणजे दोन गृहीतकं समोर आहेत: उजवा भाग इथे अर्थ देतोय, किंवा उच्चार देतोय. आता उजवा भाग तोच ठेवून डावा बदलून बघा. दगडाच्या जागी 'स्त्री'चं चिन्ह घातलं की जे अक्षर होतं त्याचा अर्थ आहे 'सुंदर', आणि उच्चार? 'येन'. सूरसुद्धा तोच. उघडण्याचा कुठे संबंध नाही, उच्चार मात्र जसाच्या तसा. एका उदाहरणाने सिद्ध होत नाही, पण पहिल्या गृहीतकाला धक्का बसायला पुरेसं आहे.

मग कागदपत्रं बघायची. श्यू शन नावाच्या विद्वानाने इसवी सन १०० च्या सुमारास 'श्वो-वन च्ये-त्स' हा कोश पूर्ण केला. त्यात ९,३५३ अक्षरं आहेत. 'येन'ची नोंद अगदी छोटी आहे: अर्थ घोटणे किंवा दळणे, अर्थासाठी दगड, उच्चारासाठी 'च्येन'. हा 'च्येन' म्हणजे दोन सारखी चिन्हं शेजारी शेजारी, प्रत्येकात दोन आडव्या आणि एक उभी रेघ. पुढे त्यांच्या आडव्या रेघा जोडल्या गेल्या आणि आज तुम्ही काढलात तो आकार झाला. 'उघडणे' हे अक्षर मात्र पूर्वी दाराच्या चौकटीसकट लिहायचे. १९५६ च्या लिपी-सुलभीकरणात चौकट काढून टाकली, आणि जो सांगाडा उरला तो 'येन'च्या उजव्या भागासारखा दिसला. माझी सुंदर गोष्ट या योगायोगावर उभी होती.

स्मरणासाठी अशी गोष्ट वापरू नये का? खुशाल वापरा. मी आजही कधी कधी वापरते. पण आठवण्याची युक्ती आणि इतिहास हे दोन वेगळ्या वह्यांत ठेवा. माझ्याकडून ते एका स्लाइडवर आले.

खरा अर्थ मला त्या गोष्टीपेक्षा जास्त आवडला. 'येन' म्हणजे दगडावर घोटणे. शाईची कांडी दगडी पाट्यावर पाण्यात घासून शाई करतात, तीही याच अक्षराने सांगतात. त्याच्या जोडीला येतं 'च्यौ'. हे सात रेघांचं अक्षर, वर 'गुहा' आणि खाली 'नऊ'. नऊचा उच्चारही 'च्यौ'च, फक्त सूर वेगळा, त्यामुळे तोही इथे आवाजापुरता. या अक्षराचा जुना अर्थ शेवटापर्यंत जाणे. 'येन-च्यौ' म्हणजे संशोधन: घोटत राहणे आणि शेवटाला पोचणे. हीच जोडी जपानीत 'केन्क्यू' झाली आणि कोरियनमध्ये 'यन-गू'. जपानीत तर सुरीला धार लावणं आणि तांदूळ चोळून धुणं यांसाठीही हेच पहिलं अक्षर वापरतात.

आपलं 'संशोधन' शुद्ध करण्यावरून आलं. पण आपल्याकडेही दगड आहेच की. एखाद्या प्रश्नावर 'बराच खल झाला' असं आपण म्हणतो, तो खल कुठला? त्याच स्वयंपाकघरातल्या आणि वैद्याच्या खलबत्त्यातला. या वाक्प्रचाराकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं ते चिनीच्या वर्गात बसून.

आणि 'येन-पो' मधला 'पो'? तो तर थेट आपल्याकडून गेलेला आहे. बौद्ध भिक्षूंचं भिक्षापात्र चीनमध्ये पोचलं, तेव्हा 'पात्र' हा शब्द त्यांनी आवाजाने लिहिला, 'पो-त्वो-ल्वो', आणि पुढे त्यातला 'पो' तेवढा उरला. म्हणजे जी ओळ मी यादीत वाचली नाही, तिच्या शेवटी 'पात्र' लिहिलेलं होतं.

दगडाचं चिन्ह रसायनवाल्यांना आणखी एका कारणासाठी शिकण्यासारखं आहे. चिनी आवर्तसारणीत मूलद्रव्याच्या अक्षरावरूनच त्याचा स्वभाव कळतो. वायू असेल तर वाफेचं चिन्ह, धातू असेल तर धातूचं, ब्रोमीनला पाण्याचं, आणि घन अधातूंना दगडाचं. कार्बन, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस, बोरॉन, आयोडीन, सगळ्यांच्या डावीकडे तुम्ही आत्ता काढलेल्या त्या पाच रेघा. २०१७ मध्ये ११७ व्या मूलद्रव्याला, टेनेसीनला, चिनी नाव द्यायचं ठरलं तेव्हा नवं अक्षर बनवलं: दगड आणि शेजारी 'थ्येन' म्हणजे शेत. शेत आवाजासाठी.

तोंडात आणि वाक्यात

लिहिता आलं, अर्थ कळला, तरी वापरता येत नाही. आधी उच्चार. चीनने १९५८ साली पिनयिन ही रोमन पद्धत स्वीकारली, आणि त्यात आपलं अक्षर वाय-ए-एन असं लिहितात. बघून सगळे 'यान' म्हणतात. उच्चार 'येन'च्या जवळचा आहे. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. पिनयिनमधला बी म्हणजे 'ब' नाही, तो 'प'. पी म्हणजे श्वास सोडलेला जुना 'फ'. जे म्हणजे 'चिंच'मधला च आणि झेड म्हणजे 'चमचा'मधला च. हा दुसरा च इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला सहसा येत नाही, आपल्या मात्र रोजच्या बोलण्यात आहे.

तोटाही आहे. देवनागरी सूर लिहीत नाही. 'येन' दुसऱ्या सुरात आहे, चढता, आपण आश्चर्याने "काय?" म्हणतो तसा. पहिला सूर उंच आणि सपाट. तिसरा खाली जाऊन रेंगाळणारा. चौथा "नाही!" सारखा खाली आपटणारा. मी वर 'येन-च्यौ' लिहिलं ते संशोधन, चढता आणि मग सपाट. पण सपाट आणि मग खालचा असा म्हटलात तर 'येन-च्यौ'चा अर्थ होतो सिगरेट आणि दारू. देवनागरीत दोन्ही सारखेच. चीनमध्ये यावर एक सर्वांना माहीत असलेला विनोद आहे. तुमचा अर्ज बघून साहेब म्हणतो, "येन-च्यौ येन-च्यौ", म्हणजे "बघू, विचार करू". अर्जदाराला ऐकू येतं ते दुसरंच, आणि तो पिशवी घेऊन परत येतो. या विनोदात वापराचीही एक गोष्ट लपलेली आहे: हा शब्द फक्त प्रयोगशाळेचा नाही. कुठलीही गोष्ट जरा नीट बघणे, विचाराधीन ठेवणे, यालाही तोच.

दुसरं म्हणजे 'येन' आजच्या बोलीत एकटं फारसं फिरत नाही. त्याला सोबत लागते. 'येन-मो' म्हणजे घोटणे, पूड करणे. चिनी पेपरांच्या प्रायोगिक भागात 'छुंग-फन येन-मो', म्हणजे भरपूर घोटा, हे वारंवार भेटतं. 'खाओ-येन' म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देणे. तिथे ही परीक्षा डिसेंबरच्या अखेरीस असते आणि २०२३ च्या प्रवेशासाठी ४७ लाख ४० हजार जणांनी अर्ज भरला होता. नेटच्या गर्दीला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा बघावा. 'येन-च्यौ-स्वो' म्हणजे संशोधन संस्था. 'येन-च्यौ-शंग' म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, मास्टर्सचा आणि पीएचडीचाही.

इथे माझी दुसरी फजिती. एका पेपरमध्ये 'भरपूर घोटा' एवढंच लिहिलं होतं, किती वेळ ते नव्हतं. मी लेखकांना मेल केला आणि हौसेने खाली चिनीत स्वतःची ओळख लिहिली: 'येन-च्यौ-युएन'. 'युएन' हे माणूस, सदस्य, कर्मचारी अशा अर्थाने शब्दाच्या शेवटी लागतं, म्हणून मी 'संशोधक' असा शब्द स्वतःच जुळवला. व्याकरणाने बरोबर आणि अक्षरंही अचूक. उत्तर दोन दिवसांत आलं, फार आदबीने, 'प्राध्यापक' अशा संबोधनाने. तिथल्या संशोधन संस्थांमध्ये 'येन-च्यौ-युएन' हे वरिष्ठ पद आहे, प्राध्यापकाच्या बरोबरीचं. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. लगेच खुलासा पाठवला, माफी मागितली, आणि योग्य शब्द, 'पो-शृ-शंग', मॅडमना विचारून लिहिला. त्यांनी हसून घेतलं आणि घोटायची वेळही कळवली. पण तो खुलासा लिहितानाची दहा मिनिटं मी विसरणार नाही. न मिळालेलं पद नावापुढे लावणं आपल्या क्षेत्रात किती गंभीर धरतात, हे तुम्हाला लवकरच कळेल.

तेव्हापासून नवं अक्षर शिकताना मी वहीचं एक अख्खं पान देते. वर डावीकडे अक्षर, न बघता लिहिलेलं. खाली त्याचे भाग, आणि कुठला भाग अर्थाचा व कुठला आवाजाचा. आवाजाच्या भागाला निदान एक साक्षीदार अक्षर. मग त्याचे तीन-चार शब्द, प्रत्येकाचं मला खरोखर कुठे भेटलेलं एक वाक्य, पेपरमधलं, खोक्यावरचं, मेलमधलं. स्वतः जुळवलेला शब्द असेल तर शेजारी प्रश्नचिन्ह, कुणाला तरी विचारेपर्यंत. पानाला वेळ लागतो. आठवड्याला पाचसहा अक्षरांच्या वर मला जमत नाही, आणि एका अक्षराला दोन मिनिटं देणारे वर्गातले मित्र माझ्या कितीतरी पुढे गेलेत. ओळखायला त्यांना जास्त येतात, हे खरंच आहे.

तुमच्यासमोरचा कागद आता उलटा करून ठेवा. उद्या सकाळी, चहाच्या आधी, दुसऱ्या कागदावर नऊ रेघा काढा, या पोस्टकडे न बघता. मग ताडून बघा. दुसऱ्या रेघेचं डोकं वर गेलं असेल तर तुम्ही 'उजवा' लिहिलाय. आठवी-नववी वर गेल्या असतील तर दगडाशेजारी विहीर खणलीय. चौथ्या रेघेला कोपऱ्यात पेन उचलला असेल तर कोशात पत्ता सापडणार नाही. जे चुकलं ते शब्दांत लिहा आणि परवा पुन्हा बघा. त्याच्यापुढे 'च्यौ' लिहायचा असेल तर आधी 'गुहा' शिकावी लागेल. तिच्या पाच रेघा पुढच्या पोस्टमध्ये.